तो, ते आणि मी

दिवाळीच्या फराळाला माणसे जमली की ताटातल्या पदार्थांबरोबर आणखी एक पदार्थ हटकून वाढला जातो. तो म्हणजे गैरहजर माणसे. चकली कडक झाली की मऊ पडली याचा निकाल लागायला थोडा वेळ लागतो. पण अमका चिक्कू आहे, तमकी आतल्या गाठीची आहे, धाकटा तर पहिल्यापासूनच तसला, हे निकाल चहा निवायच्या आत लागतात. साक्षीपुरावा होत नाही, आरोपीला बोलावणे जात नाही, अपिलाची तर सोयच नसते. बरे, निकाल देणारी ही माणसे दुष्ट असतात म्हणावे, तर तसेही नाही. ती आपलीच, प्रेमळ, पाहुण्याला आग्रह करकरून दुसरी करंजी वाढणारी माणसे असतात. मीही त्यांतलाच एक आहे, आणि हा लेख लिहिण्याचे एक कारण तेच आहे.

माणसाविषयी मत बनते कसे, हा खरा मानसशास्त्राचा प्रांत. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० साली लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासून पाहिले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, स्वभाव असे निरनिराळे रकाने होते. पण एका रकान्यात ज्याला चांगले गुण, त्याला बाकीच्या रकान्यांतही चांगलेच गुण पडलेले. अधिकाऱ्यांनी एकेक गुण वेगळा पाहिलाच नव्हता. माणसाची एकूण छाप पाहिली होती आणि तिचा उजेड सगळ्या रकान्यांवर पडला होता. देवाच्या मूर्तीमागे आपण प्रभावळ लावतो, तसाच हा प्रकार. प्रभावळ सुंदर असते, पण ती मूर्तीचा भाग नसते. आणि प्रभावळ जशी उजेडाची असते, तशी काळोखाचीही असू शकते.

माझा प्रांत मात्र शास्त्राचा नव्हे, वाचनाचा आहे. म्हणून या प्रश्नाकडे मी मराठी पुस्तकांच्या अंगाने पाहणार आहे. मराठी लेखकापुढे या बाबतीत एक अडचण उभी राहते. इंग्रजीत माणसाचे वर्णन करताना लेखक सर्वांना एकाच सर्वनामाने उल्लेखू शकतो. मराठीत पहिल्या वाक्यातच ठरवावे लागते: हा ‘आला’ की हे ‘आले’? ‘तो’ की ‘ते’? वयाने, जातीने, पैशाने, शिक्षणाने आपण त्याला कुठे बसवतो, याचा कबुलीजबाब क्रियापदाच्या शेपटीत दडलेला असतो. मास्तर येतात आणि शिपाई येतो. डॉक्टर म्हणाले आणि गडी म्हणाला. गडी वयाने डॉक्टरांच्या वडिलांएवढा असला तरी तो म्हणालाच. मत बनवायच्या आधीच आपले व्याकरण ते बनवून मोकळे होते.

एकेरी म्हणजे अपमानच, असे कोणी म्हणू नये. आईला आपण एकेरीत हाक मारतो, विठोबाला तर पिढ्यान्‌पिढ्या अरे-तुरे करत आलो आहोत. एकेरीत जवळीकही आहे आणि तुच्छताही. दोन्हींतला फरक ओळखण्याची खूण एकच: समोरचा माणूस आपल्याला उलट तसेच म्हणू शकतो का? मित्र म्हणू शकतो. गडी म्हणू शकत नाही.

ही खूण हाती धरून पु. ल. देशपांडे यांचे ‘व्यक्ती आणि वल्ली’ पुन्हा उघडून पाहावे. १९६२ सालचे हे पुस्तक, १९६५ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले, आणि अजूनही ज्या घरात चार मराठी पुस्तके असतात त्यांत बहुधा सापडणारे. त्यात हरितात्या आणि चितळे मास्तर आदराने येतात. नारायण मात्र सर्वांचाच ‘नारायण’. लग्न कोणाच्याही घरचे असो, खरेदीपासून पंगतीपर्यंत सर्व भार नारायणावर. सगळे घर त्याच्या नावाने हाका मारत असते. कार्य आटोपते, वऱ्हाड पांगते, आणि मग नारायणाची आठवण कोणालाच राहत नाही. पुलंची नजर त्या वेळी त्याच्यावर असते. या चित्राचा विनोद वाचकाला हसवतो; पण वाचक प्रामाणिक असेल तर त्याला आपल्या घरचे शेवटचे कार्य आठवते आणि त्या कार्यातला नारायण कोण होता, हेही आठवते. त्या माणसाविषयी आपले काय मत आहे, असे कोणी विचारले तर आपण म्हणू, ‘फार उपयोगी माणूस!’ माणसाविषयीचे हे मत नव्हेच. असे आपण पंचपाळ्याविषयीही म्हणू.

‘अंतू बर्वा’ हे चित्र याहून पुढे जाते. शीर्षकात अंतू, हाकेत अंतूशेट. रत्नागिरीच्या या म्हाताऱ्याची जीभ तिखट; कोणाच्याही अंगावरून ती सरळ वस्तऱ्यासारखी फिरते. पहिल्या भेटीत वाचक त्याला एका शब्दात बसवतो: खवट. मग हळूहळू त्याच्या रिकाम्या घराची चाहूल लागते, गेलेल्या बायकोचा विषय निघतो, आणि खवटपणाच्या आत काय दाबून ठेवले आहे ते दिसते. पुलंची हातोटी अशी की खवटपणा खोटा होता, असे ते कुठेही म्हणत नाहीत. अंतूशेट शेवटपर्यंत खवटच राहतो. पहिले मत चुकीचे नव्हते, अपुरे होते, एवढेच वाचकाला कळते. नामू परिटाचेही तसेच. गिऱ्हाइकांचे कपडे खुशाल वापरणारा हा लबाड माणूस पुलंनी शेवटी साधू करून दाखवलेला नाही. त्याला लबाड राहू दिले, आणि तरीही तो आपल्याला हवासा वाटतो.

तथापि एक शंका उरते. पुलंच्या या माणसांत पुष्कळशी आपल्याच आळीतली, आपल्याच पंक्तीला बसणारी आहेत. त्यांच्याविषयीचे मत दुरुस्त करणे सुखाचे असते. ज्यांना आपण पंक्तीला कधी बोलावलेच नाही, त्यांचे काय?

या प्रश्नाचे एक उत्तर व्यंकटेश माडगूळकरांनी ‘माणदेशी माणसं’मध्ये १९४९ सालीच देऊन ठेवले होते. त्यातला धर्मा रामोशी आठवा. रामोशी म्हटले की गावाच्या मनात दोनच गोष्टी येत: राखण आणि चोरी. माडगूळकरांचा धर्मा म्हातारा, उपाशी आणि अब्रूदार आहे. त्याला नेसायला धोतर दिले जाते, आणि पुढे ते त्याच्या अंगावर दिसत नाही. दिलेले वस्त्र घेणाऱ्याच्या अंगावर दिसले नाही की देणाऱ्याच्या मनात पहिला विचार कोणता येतो, हे प्रत्येकाने स्वतःशी कबूल करावे. विकले असेल. प्याला असेल. या लोकांना काही देऊन उपयोग नाही. आणि मग कळते की ते धोतर त्याच्या लेकीच्या अंगावर आहे, कारण तिच्यापाशी नेसायला दुसरे काही नाही.

माडगूळकर येथे एक शब्द जास्त बोलत नाहीत, आणि तेच योग्य आहे. त्या धोतराने धर्माची निर्दोषता सिद्ध होते, हे खरे. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की देणाऱ्याची नजर उघडी पडते. दान देणारा माणूसही न्यायासनावरच बसलेला असतो. आपण दिलेल्या वस्तूचे पुढे काय व्हावे, हे ठरवण्याचा हक्क त्याला वाटतो. वाईट मताइतकेच दयाळू मतही माणसाला न पाहता बनू शकते. हे वाक्य मी आज सहज लिहिले. पण ते मला पुस्तकातून समजले नाही. ते समजायला जे घडावे लागले ते सांगण्यासाठी मला माझ्या गावाकडे आणि तिसऱ्या एका पुस्तकाकडे यावे लागेल.

मी राहतो ते दहिवली कर्जतला लागून, उल्हास नदीच्या काठी आहे. ही नदी राजमाचीच्या डोंगरांतून उतरते आणि पुढे बदलापूर-कल्याणकडे जाते. मुंबई-पुण्याच्या गाडीतला प्रवासी आमच्या कर्जतला ओळखतो तो वड्यामुळे. घाट चढण्यासाठी गाडीला मागून इंजिने जोडायची, तेवढा वेळ गाडी उभी राहायची. त्या अवधीत खिडकीतून जेवढे दिसले आणि हातात आले, तेवढे त्याचे कर्जत. त्या प्रवाशाला आम्ही मनातून हसतो. पण आम्ही गावातली माणसे डोंगराकडच्या ठाकरवाड्यांकडे आणि कातकरवाड्यांकडे पाहतो तेही अशाच एका खिडकीतून. बाजारच्या दिवशी रस्त्याच्या कडेला रानभाजी घेऊन बसलेली बाई आम्हाला दिसते. बाजार उठल्यावर ती किती कोस चालते, ते दिसत नाही. आणि ठाकर पुन्हा कातकऱ्यांहून आपण वरचे, असे धरून चालतात. कात पाडणारे म्हणून ज्यांचे नाव कातकरी पडले, त्यांच्याकडे खैराचे रान राहिले नाही. कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर सहा-आठ महिने घर सोडून राबणे नशिबी आले. पण ‘ते एका जागी टिकत नाहीत’ हा शेरा मात्र त्यांच्याच स्वभावावर मारला जातो.

गो. नी. दांडेकरांची ‘माचीवरला बुधा’ ही कादंबरी १९५८ साली आली. बुधा हा ठाकर. मुंबई सोडून तो राजमाचीवर परत येतो आणि माणसांपासून दूर, झाडांच्या आणि मुक्या जीवांच्या संगतीत राहतो. मराठीत निसर्गावर पुष्कळांनी लिहिले. पण डोंगर, वारा, पाखरू आणि एक एकटा माणूस यांना एकाच श्वासात धरणारे असे लिखाण थोडे. डोंगर पायी तुडवलेल्या लेखकाचे हे पुस्तक आहे, हे पानोपानी जाणवते. लहानपणापासून मी ते कितीदा वाचले असेल, याची गणती नाही. पावसाळा सरून हवा निवळली की सह्याद्रीच्या रांगेकडे पाहताना मला राजमाची दिसत नसे, बुधाची माची दिसत असे.

आणि वाडीवरून येणारा प्रत्येक ठाकर मला बुधा दिसत असे.

आमच्याकडे एक ठाकर गृहस्थ वर्षानुवर्षे येत. ‘गृहस्थ’ हा शब्द मी आज लिहीत आहे. तेव्हा तो माझ्या मनात आला नसता. ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. मी त्यांना अरे-तुरे करी, ते मला ‘भाऊ’ आणि ‘तुम्ही’ म्हणत. एका पावसाळ्याच्या तोंडी ते शेवळे घेऊन आले. शेवळाची भाजी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना ठाऊक असेल की ती मोठी खाजरी असते. सोबत काकडाची आंबट फळे नसली तर घसा धरते. त्यांनी काकडे आठवणीने आणली होती. मी हरखून गेलो. त्यांना ओसरीवर बसवले, चहा दिला आणि नेहमीप्रमाणे पाखरांची नावे विचारू लागलो. ठाकर या पाखराला काय म्हणतात, त्या झाडाला काय म्हणतात. ते सांगत होते, मी वहीत टिपून घेत होतो. निघताना ते म्हणाले, ‘भाऊ, पोराचे कागद बघायचे होते जरा.’ मी म्हणालो, ‘बघू रे, घाई काय आहे?’ आठ दिवसांनी ते पुन्हा आले, पुन्हा शेवळे, पुन्हा काकडे. मी त्यांना बुधाची गोष्ट सांगितली. मुंबई सोडून डोंगरात परत आलेल्या ठाकराची. ‘तुम्ही लोक भाग्यवान,’ असेही म्हणालो. ते हसले. तिसऱ्या खेपेला मी घरी नव्हतो. शेवळे पायरीवर ठेवून ते गेले.

त्या मुलाला दहावीनंतर आयटीआयमध्ये प्रवेश हवा होता. जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, सगळे कागद बापाने पायपीट करून गोळा केले होते. अर्ज मात्र संगणकावर भरायचा होता, आणि माझ्या घरी संगणक आहे, हे त्यांना ठाऊक होते. मला हे समजले तेव्हा मुदत उलटून चार दिवस झाले होते.

या प्रकरणात कोणी वाईट मत बाळगले नव्हते. उलट माझे मत इतके चांगले होते की त्या चांगुलपणापुढे समोरच्याचे बोलणे मला ऐकूच आले नाही. ठाकर म्हणजे निसर्गाचे लेकरू, निर्लोभी, डोंगरात समाधानी. अशा माणसाला मुलासाठी वेल्डरचा नाही तर वायरमनचा कोर्स हवा असेल, ही कल्पनाच माझ्या डोक्यात शिरायला जागा नव्हती. थॉर्नडाइकच्या अधिकाऱ्यांप्रमाणे मीही सगळे रकाने एकाच उजेडात भरले होते.

यात दांडेकरांचा दोष किती? मी पुन्हा कादंबरी काढून वाचली, आणि जे इतक्या वेळा वाचूनही दिसले नव्हते ते या वेळी दिसले. बुधा मुंबईहून परत येतो. म्हणजे त्याने मुंबई पाहिलेली आहे, मुंबईचे त्याला काय वाटते हे त्याने स्वतः ठरवले आहे, आणि मग तो माचीवर आला आहे. त्याचे एकटेपण त्याने निवडलेले आहे. कादंबरीचा सगळा जीव त्या निवडीत आहे. मी तेवढीच एक गोष्ट वगळून बाकीचा बुधा लक्षात ठेवला, आणि जे बुधाला लेखकाने दिले होते ते माझ्या ओसरीवर बसलेल्या माणसाला मी दिले नाही. बुधा हा एक ठाकर आहे. त्याचा ‘ठाकर’ मी केला. एका माणसाचे सुंदर चित्र जेव्हा साऱ्या जमातीचे ओळखपत्र बनते, तेव्हा चूक चित्रकाराची नसते, ते ओळखपत्र म्हणून वापरणाऱ्याची असते. तरीही टीकाकाराने एवढे म्हणायला हरकत नाही, की प्रेमाने रंगवलेल्या चित्राची प्रभावळ वाचकाचे डोळे अधिक दिपवते, आणि म्हणून ती अधिक सावधपणे पाहिली पाहिजे.

पुस्तक माणसाविरुद्ध कसे वापरले जाते, याचे मराठीतले सर्वांत भेदक उदाहरण विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात आहे. १९६७ साली ते रंगभूमीवर आले. अरविंद देशपांडे यांचे दिग्दर्शन, आणि लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. मुंबईची एक हौशी मंडळी प्रयोगासाठी एका गावात आलेली. प्रयोगाला अवकाश आहे, म्हणून वेळ घालवण्यासाठी खोटा खटला चालवायचे ठरते, आणि आरोपी म्हणून बेणारेला उभे केले जाते. आरोप भ्रूणहत्येचा. सगळी गंमत. मग हळूहळू गंमतीचे कातडे गळून पडते आणि खरोखरीच्या बेणारेच्या खरोखरीच्या आयुष्यावर सगळे तुटून पडतात. प्राध्यापक दामले, ज्यांचा या प्रकरणाशी सर्वांत निकटचा संबंध, ते हजरच नाहीत. त्यांच्यावर खटला नाही.

या नाटकाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. काशीकरांचा ढोंगी न्याय, सुखात्म्यांची पडेल वकिली, समाजाची क्रूरता, हे सर्व बरोबरच आहे. मला मात्र दरवेळी अस्वस्थ करतो तो सामंत. तो त्या गावातला साधा, भाबडा माणूस. या शहरी मंडळींशी त्याचे वैर नाही, बेणारेशी तर नाहीच. ती त्याच्याशी मोकळेपणाने बोललेली आहे. त्याला साक्षीला उभे करतात. त्याला काहीच माहीत नाही. मग तो काय करतो? त्याच्याजवळ एक कादंबरी असते, तीतला प्रसंग तो साक्ष म्हणून सांगतो. बेणारेबद्दलची साक्ष एका छापील गोष्टीतून येते, आणि ती योगायोगाने तिच्या आयुष्याच्या इतकी जवळ जाते की पुढे तिलाच पुरावा मानले जाते. सामंताच्या मनात कपट नाही. त्याला वाटते, खेळ आहे, आपण आपला भाग नीट करावा.

फराळाच्या ताटाभोवती बसलेल्या आपणांपैकी बहुतेकजण काशीकर नसतात. आपण सामंत असतो. शेजारच्या एकट्या राहणाऱ्या बाईविषयी आपल्याला काही माहीत नसते; पण कुठेतरी वाचलेली, पाहिलेली, ऐकलेली एक गोष्ट खिशात असते, आणि विचारले की ती आपण काढून देतो. मीही राजमाचीची गोष्ट अशीच खिशात घेऊन फिरत होतो. सामंताची कादंबरी हलकी होती आणि माझी कसदार होती, एवढाच भेद.

निकालापूर्वी बेणारेला बोलायला वेळ दिला जातो: दहा सेकंद. तिचे ते प्रदीर्घ स्वगत आपण प्रेक्षक ऐकतो, पण रंगमंचावरच्या त्या न्यायालयात ते कोणालाच ऐकू जात नाही. सारे आपापल्या जागी थिजलेले असतात. तेंडुलकरांनी येथे नाटकाच्या साधनाने एक कठोर गोष्ट सांगितली आहे. आरोपीची संपूर्ण चर्चा तृतीय पुरुषात चाललेली असते: ती अशी, ती तशी. तिचा प्रथम पुरुष, तिचे ‘मी’, त्या कामकाजात नोंदले जात नाही. दहा सेकंद संपले आणि आरोपीने काही सांगितले नाही, एवढीच नोंद होते.

ज्यांच्यावर निकाल आधी आणि जन्म नंतर, अशा माणसांचे ‘मी’ मराठीत छापून यायला आणखी पुष्कळ वर्षे जावी लागली. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याच्या यादीत ज्या जमातीचे नाव, तिच्यात जन्मलेले मूल जन्मतःच संशयित. हजेरी, पास, झडती. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, म्हणून त्या जमाती ‘विमुक्त’ म्हणवतात. पण कायद्याच्या पुस्तकातून नाव पुसले म्हणून पोलीस पाटलाच्या आणि शेजाऱ्याच्या मनातून पुसले जात नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली. दोन्हींना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले. ‘उचल्या’चे शीर्षकच पाहा. जो शब्द दुसऱ्यांनी शिवी म्हणून अंगावर फेकला, तो उचलून लेखकाने पुस्तकाच्या दारावर लावला, आणि आत ‘मी’ म्हणून बोलायला सुरुवात केली.

या पुस्तकाचे वाङ्मयीन मोल काय, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला, आजही विचारला जातो. रचना सैल आहे, प्रसंगांना क्रम नाही, भाषा ओबडधोबड आहे, असे आक्षेप घेता येतील. माझे म्हणणे असे की येथे रचनेहून मोठे काम सर्वनामाने केले आहे. गायकवाड आपल्या माणसांना निष्पाप ठरवत नाहीत. चोरी होते, ती शिकवली जाते, तिचे हिशेब होतात, हे ते उघडपणे सांगतात. पण सांगणारा ‘मी’ असल्यामुळे भूक, मार आणि चोरी यांचा क्रम वाचकाला उलट बाजूने दिसतो. बाहेरून पाहणाऱ्याला चोर दिसतो, मग मार दिसतो. आतल्या मुलाला आधी भूक दिसते. मत तेच राहिले तरी ते मत बनवायला लागणारा वेळ वाढतो, आणि माणसाविषयी निकाल द्यायला वेळ लागणे ही मला फार मोठी वाङ्मयीन कमाई वाटते.

अर्थात ‘मी’ आला की प्रश्न सुटला, असेही नाही. आपण वाचक मोठे चतुर असतो. ‘उचल्या’ वाचून डोळे पुसणारा, आणि दुसऱ्या दिवशी पालावरच्या पोराला दारातून हुसकावणारा वाचक मला ठाऊक आहे. पुस्तकातल्या माणसाबद्दल ‘बिचारा’ म्हणणे हाही एक निकालच आहे, फक्त शिक्षेऐवजी माफीचा. धोतर देणाऱ्याच्या आसनावरून आपण अजून उतरलेलो नसतो. पुस्तक फार तर एवढे करू शकते की आपण कोणत्या आसनावर बसलो आहोत ते दाखवून देते. उतरायचे आपले आपण.

पुढच्या जून महिन्यात मी स्वतः वाडीवर गेलो, त्या मुलाचा अर्ज भरायला. त्याला प्रवेश मिळाला आणि सर्व काही गोड झाले, असे लिहिता आले असते तर दिवाळी अंकाला ते शोभले असते. पण मधल्या वर्षात मुलगा एका फार्महाऊसवर बागकामाला लागला होता. महिन्याला पैसे येत होते, घरात त्यांची सवय झाली होती. तो म्हणाला, ‘आता नको.’ बाप काही बोलले नाहीत. मला दोष देणारा शब्द त्यांनी तेव्हाही काढला नाही, नंतरही नाही. माझ्याविषयी त्यांचे मत काय झाले असेल, हे मला कळलेले नाही. आणि त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ ‘उदार स्वभाव’ असा लावण्याचा मोह मी आता आवरतो. कदाचित ते उदार असतील. कदाचित माझ्यासारख्याशी बोलून काही उपयोग नाही, असे त्यांनी ठरवून टाकले असेल. तसे असले तर तो निकाल साक्षीपुराव्यानिशी दिलेला आहे.

या वर्षी पहिल्या पावसानंतर ते शेवळे घेऊन आले. मी दारात उभा होतो. म्हणालो, ‘या, बसा.’

त्यांनी मागे वळून पाहिले, आपल्याबरोबर आणखी कोण आले आहे ते.